रिकामा रकाना

वसई, 1 डिसेंबर 2024, रविवार

आगमनकाळाचा पहिला रविवार. देवळात पहिली जांभळी मेणबत्ती लागली. मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर तिघीजणींनी गाठलं. लेकीला कितवा लागला, तारीख कधीची, हे विचारून झालं. 22 तारीख दिलीय म्हटल्याबरोबर तिघींचं एकच, "मग नाव नाताळचंच ठेवा हां!" मूल जन्माला यायचंय अजून.

लेक गेल्या आठवड्यात बाळंतपणाला आली. येताना चार गाउन आणि दोन याद्या घेऊन आली, एक मुलीची, एक मुलाची. आपल्याकडे सोनोग्राफीवाले काही सांगत नाहीत, 1994चा कायदाच आहे तसा, आणि चांगला आहे. जावई दोह्याला असतात. तिथे त्यांच्या सोबतचे लोक हसतात म्हणे, अजून एवढंही माहीत नाही तुम्हांला? नाही माहीत. मजा त्यातच आहे.

याद्या वाचल्या. हॉली, आयव्ही, कॅरल, नोएल, निकोलस. हॉली म्हणजे काटेरी पानांचं, लाल फळांचं विलायती झुडूप. आमच्या वाडीत लावलं तर पहिल्याच मे महिन्यात माना टाकील. आमचा हिवाळा म्हणजे केळीच्या पानांवरचं दव आणि सकाळी आठपर्यंत अंगावर शाल. त्याचं नाव कुठल्या यादीत नाही.

5 डिसेंबर, गुरुवार

मी मुद्दाम गप्प होते. पण आज ह्यांनीच विषय काढला, "तुझं नाव काय वाईट आहे?"

माझं नाव म्हणजे कुठलं, हा प्रश्नच आहे. जन्म 1957 सालचा, 25 डिसेंबरचा. देवळाच्या स्नानसंस्काराच्या वहीत मी नातालिना आहे. नाताळात जन्मलेली म्हणून नातालिना, डोकं फार चालवलेलं नाही. सहाव्या वर्षी बाबांनी शाळेत नेलं. गुरुजींनी नाव विचारलं, बाबांनी सांगितलं, आणि गुरुजींनी पट्टीने ओळ आखून शांतपणे 'नलिनी' लिहिलं. त्यांना ऐकू आलं नाही की पसंत पडलं नाही, देव जाणे. बाबांनी वाचलंच नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हापासून दाखला, डी.एड., नोकरी, पेन्शन, आधार सगळं नलिनीचं. नातालिना फक्त देवळातल्या वहीत राहते. लग्नाच्या वेळी दोघी एकच आहेत असं पत्र द्यावं लागलं होतं.

लेक हसून हसून दमली. मग पोट धरून म्हणाली, "नातालिना छान आहे की. नताशा, नताली सगळी त्यातलीच." खरं आहे. मूळ लॅटिन शब्द जन्माचा. त्याचंच पोर्तुगिजांनी नाताल केलं आणि आपण नाताळ. आपल्याला तो ळ इतका घरचा वाटतो की शब्द परका आहे हे सांगावं लागतं.

9 डिसेंबर, सोमवार

रात्री जावयांचा व्हिडिओ कॉल. त्यांच्या अटी: नाव आखूड हवं, पासपोर्टवर नीट बसणारं, आणि विमानतळावरच्या माणसाला एका दमात उच्चारता यावं. मी म्हटलं, विमानतळावरचा माणूस आयुष्यात किती वेळा हाक मारणार? हाक घरातून जाते. अंगणातून वाडीपर्यंत पोचली पाहिजे. शेवटी स्वर हवा. 'नोएल' म्हणून ओरडून बघा, ल वर जीभ अडकते आणि पोरगं तोवर तळ्यावर.

जावई सौम्य आहेत. "आई, मग तुम्हीच सुचवा," म्हणाले. अडकले की नाही मी!

त्यांना एक गोष्ट मात्र आवडली. वास्को द गामा हिंदुस्थानकडे येत असताना 1497च्या नाताळात आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून चालला होता, म्हणून त्या किनाऱ्याचं नाव त्याने नाताल ठेवलं. आज दक्षिण आफ्रिकेत त्या प्रांताला क्वाझुलू-नाताल म्हणतात. म्हणजे एका सबंध किनाऱ्याचं बारसं आमच्या आईबाबांच्याच पद्धतीने झालं. दिवस बघितला, नाव ठेवलं.

14 डिसेंबर, शनिवार

झोप नाही. पहाटे पडल्या पडल्या जुने हजेरीपट डोळ्यांसमोर आणले. 1980ला नोकरीला लागले तेव्हा मुलांच्या आडनावाआधीच्या बापाच्या नावांत इनास, बस्त्याव, पेद्रू, दुमिंग असायचे. मुलांची स्वतःची नावं मात्र सुनील, संदीप, ज्योती, सुनीता. एका पिढीत एवढा पालट. व्हॅटिकन परिषद 1965ला संपली, मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि तिच्यामागून नावंही आली. 1917च्या धर्मसंहितेत फादरांवर बंधन होतं, ख्रिस्ती नाव नसेल तर एखाद्या संताचं नाव जोडून वहीत लिहायचं. 1983च्या संहितेने ते सैल केलं. ख्रिस्ती भावनेला परकं नसलं की पुरे. मग ज्योती कशी परकी ठरेल?

पण गंमत, सुनील आणि ज्योतीची मुलं माझ्या वर्गात आली तेव्हा ती रायन, जेनिफर आणि अलिशा होती. इंग्रजी शाळा गावात आल्यावर तीही यायची थांबली.

बस्त्याव नावावर माझा फार जीव. सेबास्तियांवचा बस्त्याव. पोर्तुगीज शेवटाचा नाकातला स्वर आमच्या तोंडात 'आव' होतो. रुमाव हे आडनाव तसलंच. चिमाजी अप्पांनी 1739ला पोर्तुगिजांना किल्ल्यातून काढलं, आव तेवढा राहिला.

19 डिसेंबर, गुरुवार

ह्यांनी चांदणी करायला घेतली. बाजारात प्लास्टिकच्या शंभर मिळतात, पण नातवंडाची पहिली चांदणी घरची, हा हट्ट. बांबूच्या दहा कामट्या, पाच-पाचांचे दोन तारे, टोकं दोऱ्याने करकचून बांधायची आणि मधे पाच छोट्या काड्या उभ्या अडकवायच्या. त्या अडकवल्या की चपट्या ताऱ्याला एकदम पोट येतं. लेक खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, "माझ्यासारखीच झाली." मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, पतंगाचा लाल कागद लावला. एका कोपऱ्यात सुरकुती पडली, राहू दे.

नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी करवंट्यांत नाचणी पेरली. सहा दिवसांत हिरवी होईल.

लेकीच्या यादीत आता मुलीसाठी स्टेला आणि तारा. अर्थ एकच. मुलासाठी एमॅन्युएल, कंसात 'लांब आहे'.

22 डिसेंबर

तारीख आली, गेली. काही नाही.

25 डिसेंबर, बुधवार

मध्यरात्रीची मिस्सा ह्यांनी एकट्याने केली, मी लेकीपाशी थांबले. सकाळपासून फोन. "आज झालं तर काय भाग्य!" प्रत्येकाला आजच हवं होतं. मी मनात म्हटलं, बाळा, आज येऊ नकोस. सदुसष्ट वर्षांचा अनुभव सांगते. या दिवशी जन्मलेल्या माणसाला वेगळा वाढदिवस मिळत नाही. सगळं गाव गोडधोड खातं, ते तुझ्यासाठी नसतं, आणि नवीन कपडे दोन्हींचे मिळून एकदाच.

ऐकलं त्याने. दिवसभर फुगे तळले. लेकीने सात खाल्ले.

27 डिसेंबर, शुक्रवार

दुपारी मुलगा. तीन किलो शंभर. दोघं सुखरूप. बाकी उद्या.

28 डिसेंबर, शनिवार

कपाळ थेट ह्यांचं. रडणं कोणाचं ते ठरायचंय.

याद्या दोन्ही बाद. नाताळचा दिवस गेला म्हणून नोएल नको, असं लेकच म्हणाली. आजचा दिवस हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा, तो तर कोणी नावासाठी उच्चारणार नाही. कॅलेंडर मी उशाशी ठेवलं होतं. 26 स्तेफान. 27 प्रेषित योहान. मी नुसतं वाचून दाखवलं. लेक दोनदा पुटपुटली, "योहान. योहान." बाळाने जांभई दिली. दोह्याला फोन लागला. जावई म्हणाले, एकदम मॉडर्न आहे, त्यांच्या ऑफिसात एक योहान आहे, दक्षिण आफ्रिकेचा.

मॉडर्न! शुभवर्तमानाइतकं.

2 जानेवारी, गुरुवार

बाळ घरी आलं. संध्याकाळी आत्याला दाखवायला नेलं. आत्या एक्याण्णव वर्षांची, नजर अधू, पण बोटं शहाणी. तिने बाळाच्या कानाच्या पाळ्या चाचपल्या. नाव विचारलं. मी कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "योहान."

"कोण?"

"योहान. देवळात नाही का वाचत, योहानकृत शुभवर्तमान."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग सरळ जुवाव म्हण की."

जुवाव म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. आयुष्यभर त्यांचं नाव ऐकलं आणि चाळीस हजेरीपट भरूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पोर्तुगीज जुआंव, लॅटिन योहान्नेस, इंग्रजी जॉन, सगळी त्या एकाच हिब्रू नावाची पोरं. तिथून परतताना स्नानसंस्काराची तारीख विचारायला देवळात गेले तेव्हा फादरांना सांगून जुनी वही काढायला लावली. लॅटिन अक्षरांत, फिकट तपकिरी शाईत, आजोबा योहान्नेस म्हणूनच बसले होते. घरात मात्र त्यांना योहान्नेस कोणी म्हटलं नाही.

आत्या आता बाळाला जुवाव म्हणते. लेकीला ते अजिबात आवडलेलं नाही.

5 जानेवारी, रविवार

तीन राजांचा सण. गोठ्यातली नाचणी वीतभर वाढून आडवी झाली, उंट त्यात दिसेनात.

जन्मनोंदणी एकवीस दिवसांत व्हायला हवी, ती इस्पितळातून गेली आहे, नावाचा रकाना कोरा ठेवून. नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं. फॉर्म आज जेवणाच्या टेबलावर आहे. मराठी रकान्यात मी लिहिलं, योहान, पट्टीने ओळ आखून. इंग्रजी रकान्यावरून मात्र दुपारपासून दोहा आणि वसईत जुंपली आहे. जावयांना सुरुवातीला वाय हवा, लेकीला जे. जे लावला तर शाळेत जोहान म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. वाय लावला तर दोह्याचा तो सहकारी हसेल, असं तिचं.

बाळ झोपलंय. चांदणीची सुरकुती असलेली बाजू भिंतीकडे फिरवली आहे.