ओल्ड वॉर्डनची म्हातारी विमानं

लंडनला गेलेले आपण बहुतेक जण राजवाडा, टॉवर ब्रिज आणि लॉर्ड्स बघून परततो. या वेळी भाच्याने मला बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डन या खेड्यात नेलं. तिथे शटलवर्थ संग्रहाचा छोटा विमानतळ आहे. धावपट्टी चक्क गवताची! लोक सतरंज्या, घडीच्या खुर्च्या आणि खाण्याचे डबे घेऊन आलेले, अगदी जत्रेसारखे.

मला सगळ्यात आवडलं ते टायगर मॉथ. 1931 साली पहिल्यांदा उडालेलं हे शिकाऊ विमान. एकावर एक असे दुहेरी पंख, त्यांच्या लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं. इंजिन 130 अश्वशक्तीचं. ब्रेक नाहीत, स्टार्टरही नाही. पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक याच्यावर शिकले. आपल्या हैदराबादच्या बेगमपेटलाही तेव्हा वैमानिकांची शाळा होती, आणि तिथेही हीच टायगर मॉथ होती.

मग खेळ सुरू झाले. दोन काठ्यांमध्ये पताकांची माळ धरलेली, आणि विमान तिच्या खालून सूं करत गेलं! चाकं जवळजवळ गवताला टेकलेली. मग वरून पिठाच्या पुड्या टाकून नेम धरणं, सोडलेले फुगे पंख्याने फोडणं, हवेत उलगडणारी कागदाची पट्टी कापणं. मुलं टाळ्या पिटत होती. मी मात्र पदर घट्ट धरून बसले होते.

“मावशी, रात्री बाईकवर स्टंट करणारी पोरं आणि हे, फरक काय?” भाच्याने विचारलं.

फरक समोरच दिसत होता. विमान एकदाही आमच्या डोक्यावरून गेलं नाही. प्रेक्षकांपासून ठरलेलं अंतर राखून, समांतर रेषेतच उडत होतं. असे प्रयोग करायला वैमानिकाला वेगळा परवाना लागतो. 2015 मध्ये शोरहॅमच्या प्रदर्शनात एक जुनं जेट रस्त्यावर कोसळून 11 जण गेले, त्यानंतर तिथले नियम आणखी कडक झाले. बाईकवाल्या पोराच्या वाटेत येणाऱ्याला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

हा संग्रह उभा केला रिचर्ड शटलवर्थने. 1933 साली तो इवल्याशा कॉम्पर स्विफ्ट विमानातून इंग्लंडहून थेट दिल्लीच्या शर्यतीला आला होता. 1940 मध्ये हवाई दलाच्या रात्रीच्या सरावात त्याचं विमान पडलं आणि तो गेला. वय अवघं 31. एकुलता एक मुलगा. त्याच्या आईने, डोरोथीबाईंनी, 1944 मध्ये त्याच्या नावाने न्यास स्थापला. पुढे याच न्यासाने त्याची विमानं जपली, लोकांना दाखवली, उडती ठेवली. ज्या छंदापायी मुलगा गेला, तो छंद त्या माउलीने कुलूपबंद केला नाही. मला जमलं असतं का, कोण जाणे.

तुमच्यापैकी कुणी शिकायला किंवा नोकरीला तिकडे असाल, तर उन्हाळ्यातला प्रदर्शनाचा दिवस पाहून जरूर जा. लंडनहून बिगल्सवेडपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सीने थोडंच अंतर. आईवडील आले असतील तर त्यांनाही न्या. आणि छत्री विसरू नका!