तरुण कलावंताच्या घरची भाषा

जेम्स जॉइसची 'ए पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन' ही कादंबरी १९१६ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की, आमच्यासारख्या सरकारी नोकराने त्यात भर घालण्याचे कारण नाही. पण बदलीच्या गावी पुस्तक वाचणे ही गोष्टच निराळी. घर, धर्म आणि देश यांचे पाश तोडून कलेच्या वाटेने निघालेला स्टीफन डेडलस विद्यार्थिदशेत कोणालाही आपला वाटतो. बेंगळुरूस आल्यावर आम्ही कादंबरी पुन्हा वाचली, तेव्हा मन गुंतले ते त्याच्या बंडात नव्हे, एका नरसाळ्यात.

प्रसंग साधाच आहे. डब्लिनच्या महाविद्यालयात एक इंग्रज धर्मगुरू-प्राध्यापक विस्तव पेटवीत बसला आहे. दिव्यात तेल ओतण्याच्या नरसाळ्यावरून बोलणे निघते. स्टीफन त्याला 'टंडिश' म्हणतो. इंग्रजाने हा शब्द कधी ऐकलेला नसतो. त्याचे ते सभ्य कुतूहल स्टीफनला झोंबते. आपण बोलतो ती भाषा आधी या माणसाची, मग आपली, ही जाणीव त्याला डाचत राहते. पुढे रोजनिशीत तो नोंदवितो की, कोश पाहिला तर तो शब्द अस्सल जुना इंग्रजीच निघाला. ज्याचा घरधन्याला विसर पडला होता, ते कुळाने जपून ठेवले होते!

आमच्या घरी हेच नाट्य उलट्या बाजूने चालू आहे. आमची कन्या येथील शाळेत नववीत आहे. ती कविता करते, आणि कानडीत करते. तिने वाचून दाखविले म्हणजे आम्हांला अर्थ कळतो. बाजारात आणि कचेरीत निभावण्याइतकी कानडी आम्ही शिकलो आहो. पण कोणता शब्द जुना, कोणता ताजा, कोठे ती हसते आहे आणि कोठे हसू लपविते आहे, हे उमगत नाही. तिची आई 'छान' म्हणते, आम्हीही म्हणतो. त्या 'छान'मध्ये किती पाणी आहे हे मुलीला कळत असावे. ती मुकाट्याने वही मिटते. जॉइसच्या पुस्तकात परभाषेच्या उंबरठ्यावर कलावंत अडखळतो; येथे त्याचा बाप अडखळतो.

एकदा जेवताना तिने 'तुप्प' मागितले. आजीने वाढता वाढता बजावले, "तूप म्हण गं, बाई." वस्तुतः तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द मराठीत कानडीतूनच आले, असे भाषाभ्यासक मानतात. म्हणजे आजीने ज्याची कड घेतली, तो शब्दही मूळचा इकडचाच. स्टीफनला कोशात विजय सापडला. आम्हांला शेजार सापडला.

स्वतः जॉइसने १९०४ मध्ये आयर्लंड सोडले आणि त्रिएस्तेला इंग्रजीच्या शिकवण्या करून संसार चालविला. त्याची दोन्ही मुले तेथेच जन्मली, आणि घरात त्या गावची इटालियन बोली चाले. शब्दाशब्दाचा हिशेब मागणाऱ्या या माणसाची मुले परक्या बोलीत वाढली. त्याच्या लेखणीने मात्र डब्लिन सोडले नाही. १९१२ नंतर तो तेथे पुन्हा गेला नाही, तरी लिहिले ते त्याच शहराविषयी. आपणां बदलीवाल्यांना हा मनुष्य परका वाटू नये. फरक इतकाच की, त्याने परागंदा होणे स्वतः पत्करले. आपल्याला ते हुकमाने मिळते.

येथे गिरीश कार्नाड आठवतात. त्यांचा जन्म १९३८ साली माथेरानला झाला, घरची भाषा कोंकणी, आणि २०१९ साली निधन याच बेंगळुरूत. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला निघण्याच्या सुमारास त्यांनी 'ययाति' लिहिले. उमेद इंग्रजीत कवी होण्याची होती. नाटक उतरले कानडीत, आणि त्याचे नवल त्यांना स्वतःलाच वाटले. विषयही पाहा: बापासाठी आपले तारुण्य देणारा मुलगा! घर सोडू पाहणाऱ्या तरुणाच्या मनात शिरसीला पाहिलेली यक्षगाने आणि नाटके आधीच घर करून बसली होती. कलावंत भाषा निवडतो असे आपण म्हणतो. पुष्कळदा भाषाच त्याला निवडते, आणि तीही आईबापांचा सल्ला न घेता.

मग आमच्या मराठीचे काय? कादंबरीच्या शेवटच्या पानांत स्टीफनची आई त्याचे जुन्या बाजारातले कपडे नीट लावून ठेवते. मुलाच्या बंडाला सारे पुस्तक मिळाले, आईच्या त्या कामाला ओळ-दोन ओळी. पण तो ज्या गावी जाईल तेथे त्याच्या अंगावर तेच कपडे असणार. रोज रात्री पानावर बसून बोललेली मराठी आम्ही मुलीच्या पेटीत अशीच घडी घालून ठेवीत आहो. ती तिला अंगाबरोबर बसेल की नाही, हे तिचे तिने पाहावे. आमच्यापुरते म्हणाल, तर आम्ही कानडी मुळाक्षरे गिरवावयास घेतली आहेत. वही तिने मिटली, तरी कधी काळी ती आपण होऊन पुढे करील. तेव्हा ती आम्हांला वाचता यावी.