खरखरीसकट

जुने गाणे कुणी नव्याने स्वच्छ करून विकायला ठेवले, तर ते घ्यावे की घेऊ नये? प्रश्न साधा दिसतो. पण गेल्या आषाढात आमच्या खोपोलीच्या घरात त्यावरून दोन दिवस बापलेकांचा अबोला होता.

वादाचे मूळ एक तबकडी. लाखेची, काळी, कडेला टवका उडालेली. तिच्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. तबकडी मात्र आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडेच आहे. आजोबा इथल्या टाटांच्या वीजघरात नोकरीला होते. घाटावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून या वीजघराने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. गंमत अशी की, ज्या गावची वीज मुंबईला जाई, त्या गावात आमच्या घरचे गाणे हाताने किल्ली देऊन चाले! किल्ली संपत आली की खाँसाहेबांसारखा सुराचा पक्का माणूसही हळूहळू उतरू लागे आणि आम्ही मुले हसत सुटत असू.

त्या तबकडीवर एक चरा आहे. पन्नास वर्षांपूर्वी, दिवाळीची साफसफाई करताना आईच्या हातून पडलेला. तेव्हापासून सुई तिथे उडी मारते आणि एक लहानशी हरकत गिळून पुढे जाते. ती वेळ आली की अण्णा बोट वर करून म्हणत, "आली तुमच्या आईची जागा!" आई स्वयंपाकघरातून भांडे आपटून उत्तर देई. ते भांडे वाजायचे थांबल्यालाही आता बरीच वर्षे झाली.

चिरंजीवांनी यंदा त्याच गाण्याची 'रीमास्टर्ड' सीडी आणली. सुस्थितीतली तबकडी शोधायची, ती नेमक्या गतीने फिरवून आवाज संगणकात घ्यायचा, मग चऱ्यांचे टकटक आवाज आणि खरखर काढून टाकायची, असा तो उद्योग. मी ऐकली आणि नाक मुरडले. खरखर गेली होती खरी, पण प्रत्येक सुराचे शेपूट कात्रीने छाटल्यासारखे वाटत होते. त्याचे कारणही आहे. खरखर आणि आवाजाची धार यांचे बिऱ्हाड एकाच माळ्यावर असते. एकीला बाहेर काढताना फार जोर केला, तर दुसरीचेही सामान रस्त्यावर येते.

"पण आवाज किती भरदार आहे, बाबा!" चिरंजीव म्हणाले. मी दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकवला. निम्मा भरदारपणा तिथेच गेला. मोठे ते कानाला गोड लागते, एवढेच त्यातले इंगित! शिवाय बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. खोपोलीच्या आषाढात माणूस खरखर काढून काढणार किती?

अखेर खटला अण्णांपुढे गेला. अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. नवी सीडी ऐकता ऐकता म्हणाले, "यात नवीन काय आहे?" मी विजयी मुद्रेने चिरंजीवांकडे पाहिले. मग ध्यानात आले, की वयाबरोबर बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. तबकडीची खरखर अण्णांच्या कानांनी केव्हाच फुकटात काढून टाकली होती!

इतक्यात ती वेळ आली. सवयीने अण्णांचे बोट वर गेले. पण गाणे अडखळले नाही. पन्नास वर्षे गिळलेली ती हरकत अलगद आली आणि सुरात विरून गेली. बोट तसेच हवेत राहिले.

"पुन्हा लाव," अण्णा म्हणाले. तीनदा लावली. तिन्ही वेळा ते काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, "विसरलोच होतो रे, ही इतकी सुरेख आहे ते." आणि थोड्या वेळाने, "आता आपली लाव."

मी किल्ली दिली. खरखरीतून खाँसाहेब आले. सुईने उडी मारली. अण्णांनी बोट वर केले आणि कुठल्याशा भांड्याची वाट पाहिल्यासारखे क्षणभर थांबले.

तेव्हा माझा निकाल असा: नुसती खरखर घालवायची असेल, तर पैसे खर्चण्याची घाई नको. आवाज सारखा करून, सुरांची शेपटे ऐकून मग ठरवावे. पण आपल्या तबकडीने काही गिळले असेल, तर नवी जरूर घ्यावी. जुनी मात्र भंगारवाल्याला देऊ नये.

यंदा दिवाळीला तबकड्या पुसायचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. फडके मऊ आहे, हातही जपून चालतो. एका घरात अशी एक जागा पुरे.