कंबर वाचली तरी पुरे

कर्जत तालुक्यातल्या एका वाडीत मी गेलो तो सगुणा भात तंत्राने जमीन किती सुधारते, हे विचारायला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या या पद्धतीत चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरवर भोकं पाडून बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळं परततात ती त्यामुळे.

तिथल्या एका घरचे दादा गांडुळांवर फारसे बोललेच नाहीत. "लावणीला माणूस मिळत नाय," एवढंच म्हणाले. वाडीतली पोरं फार्महाऊसवर नाहीतर खोपोलीच्या कारखान्यांत. जुलैत सगळ्यांची लावणी एकदमच येते, तेव्हा जास्त मजुरी देऊनही कुणी फिरकत नाही. बैलजोडी तर केव्हाच विकलेली.

हे तंत्र घ्यायचा निर्णय मात्र वहिनींचा. चिखलात दिवसभर वाकायच्या त्या, दादा नव्हे. "कंबर वाचली तरी पुरे," त्या म्हणाल्या. शाश्वत शेतीच्या अहवालांत हे कारण अगदी वरच्या ओळीत यायला हवं.

याउलट डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री भातलागवड. चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी हाताने खोल खोचायची. खत वाहून जात नाही, पीकही वाढतं. वहिनींच्या सासूबाईंनी ती करून पाहिली होती. पण लावणीचं वाकणं होतंच, त्यात गोळ्यांसाठी आणखी एक वाकणं. या घरात ती टिकली नाही.

नवी पद्धतही आधी बांधालगतच्या एका तुकड्यापुरतीच होती. चिखलणी न केलेलं खाचर पाहून शेजाऱ्यांनी नावं ठेवली. भाद्रपदात फुटवे भरले, तेव्हा तेच बांधावर उभे राहून ते मोजू लागले. पुढच्या पावसाळ्यात त्यांतल्या काहींनी दादांचा साचा उसना नेला.

तणाचं मात्र सोपं नाही. चिखलणी तण दाबते. ती गेली की तणनाशक येतं. या तंत्रात ग्लायफोसेट वापरतात, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले. त्यामुळे 'शाश्वत' हे बिरुद इथे लावताना माझा हात थोडा अडखळतो.

दादांच्या खालच्या खाचरात मात्र अजूनही भाड्याचा पॉवर टिलर फिरतो. ती जमीन चुलत्यांबरोबरच्या सामाईक सातबाऱ्यावर आहे. पुढल्या वर्षी ती कोण कसणार हे ठरलेलं नसतं, म्हणून तिथे कायमचे वाफे घालायला दादा धजावत नाहीत.