पाहुणा पडला, चूक कुणाची?

हॉटेलच्या न्हाणीघरात पाय घसरला, की आपल्याकडच्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘माझंच लक्ष नव्हतं.’ आधारासाठी धरलेली दांडी भिंतीतून निखळून हातात आली असली, तरीही! बायको बॅगेत बाम शोधते, मुलं गप्प होतात आणि दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत पूर्ण बिल भरून मंडळी निघतात. सहलीचा विरस नको, परगावी भांडण नको. त्यातून ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे तर घरोघरी पाठ असतं.

पण खोलीचं भाडं म्हणजे नुसतं खाटेचं भाडं नव्हे. गीझरचा शॉक बसणार नाही, बाल्कनीचा कठडा रेलल्यावर सुटणार नाही, काचेचं दार अंगावर येणार नाही, हा भरवसाही त्या पैशांत असतो. पाहुण्याने खोलीत शिरताच स्क्रू तपासावेत, अशी अपेक्षा कोण करील? ते काम हॉटेलचं.

याची मोठी किंमत एका तरुण जर्मन वैमानिकाने मोजली. ऑगस्ट १९७२ मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात तो विमान कंपनीतर्फे उतरला होता. तिथल्या तलावात त्याने सूर मारला आणि त्याचं डोकं तळाला आपटलं. शरीर लुळं पडलं. १९७५ मध्ये त्याने दावा लावला. ‘बिल तर विमान कंपनीने भरलं, याच्याशी आमचा करार कुठे?’ असाही हॉटेलचा बचाव होता. जानेवारी १९९७ मध्ये न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांनी तो फेटाळला. पंचतारांकित दर घेणाऱ्याने काळजीही त्याच तोलाची घेतली पाहिजे, असं सांगून त्यांनी पन्नास लाखांची भरपाई मंजूर केली.

मात्र तो वैमानिक १९८५ मध्येच वारला होता. पुढे अपिलात तो निकालही टिकला नाही. दावेदार गेला आणि त्याच्याबरोबर दावाही संपला, असं ठरलं. न्याय लांबला की काय होतं, ते यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

आज ग्राहक आयोगाची वाट त्या मानाने सोपी आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते; अपघात सिमल्यात झाला म्हणून सिमल्याला खेपा घालायला नकोत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

पुरावा त्याच दिवशी गोळा करायला हवा. सुटलेल्या नळाचा, फुटक्या फरशीचा फोटो काढावा. व्यवस्थापकाला लेखी कळवून प्रतीवर सही घ्यावी. दुखापत कशी झाली, हे डॉक्टरांच्या कागदावर यावं. बिलं जपावीत. नाहीतर दुसऱ्या दिवशी दांडी पुन्हा घट्ट बसलेली असते आणि पाहुणा खोटा ठरतो!

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या पाटीलाही फार घाबरू नये. हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या मोटारीच्या चोरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की स्वतःचा निष्काळजीपणा हॉटेलला अशा अटीमागे लपवता येणार नाही. अर्थात ‘फरशी ओली आहे’ ही पाटी वाचूनही जो धावतो, त्याची भरपाई कमी होऊ शकते.

तक्रार करणं म्हणजे भांडण उकरणं नव्हे. एकाने तक्रार केली, तर दांडी नीट बसवली जाते आणि पुढच्या महिन्यात त्याच खोलीत उतरणाऱ्या कुणाच्या तरी आजीचं हाड वाचतं.