प्रागमधले आठ दिवस

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आई चौथीपर्यंत शिकली, अण्णा सातवीपर्यंत. अण्णांची एस.टी. स्टँडसमोर गटईची टपरी आहे; आपल्या महाविद्यालयातल्या कितीतरी जणांच्या चपलांचे अंगठे त्यांनीच शिवलेले असतील. अशा घरातली मुलगी नाताळच्या सुट्टीत युरोपातल्या एका शहरात आठ दिवस राहून आली, हे लिहिताना अजूनही मलाच ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटते. म्हणूनच सरांनी 'वार्षिकासाठी लिही' म्हटल्यावर नाही म्हणवले नाही. एकदा कागदावर उतरले की ते आपले होईल, असे वाटले.

झाले असे की, माझ्या वर्गमैत्रिणीची मावशी प्राग शहरात राहते. प्राग म्हणजे चेक प्रजासत्ताकाची राजधानी. 'एकटी येऊ नकोस, मैत्रिणीलाही आण, राहण्याजेवणाची काळजी नको,' असे मावशींनी कळवले. मैत्रिणीचे बाबा म्हणाले, 'तिकीट आम्ही काढतो.' मनाने मोठा माणूस. पण अण्णांनी हात जोडले. 'पोरगी जाईल, पर फुकट न्हाई.' मग हिशोब मांडला. माझी शिष्यवृत्ती आणि दोन वर्षांच्या शिकवण्यांचे साठवलेले पैसे. त्यात अण्णांच्या भिशीचे. भिशीचे पैसे शिलाई मशीनसाठी ठेवलेले होते, हे मला माहीत होते आणि मला माहीत आहे हे अण्णांनाही माहीत होते. कुणी त्याविषयी बोलले नाही. तरीही अठरा हजार कमी पडले. ते मैत्रिणीच्या बाबांकडून उसने घेतले, दरमहा दीड हजारप्रमाणे फेडायच्या बोलीवर.

पासपोर्ट, व्हिसा, निमंत्रणपत्र, बँकेचे कागद यांत दोन महिने गेले. त्या दिवसांत अण्णांनी जुन्या बाजारातून जाड कातड्याचे वापरलेले बूट आणले, टाके उसवून पुन्हा घातले, नवा रबरी तळवा बसवून त्याला रापीने आडव्या खाचा पाडल्या आणि आत आजोबांच्या घोंगड्याचा तुकडा कापून घातला. 'पाय कोरडं असलं की मानूस कुठंबी जातंय,' एवढेच म्हणाले. मैत्रिणीने सुंदर उंच टाचांचे बूट घेतले होते. तिच्या बुटांपुढे माझे बूट म्हणजे शर्यतीच्या घोड्याशेजारी उभा केलेला खिल्लारी बैल!

आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलून आम्ही प्रागला पोचलो. तिथल्या विमानतळाला वात्स्लाव हावेल यांचे नाव आहे. हावेल हे नाटककार. सत्तेविरुद्ध लिहिले म्हणून तुरुंगात गेले आणि १९८९ च्या शांततामय क्रांतीनंतर देशाचे अध्यक्ष झाले. नाटककाराच्या नावाचा विमानतळ! 'आर्ट्सला जाऊन काय करणार?' असे विचारणारे आमचे सगळे पाहुणे त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आले. त्यांना द्यायला एक उत्तर मिळाले, याचा आनंद थंडीपेक्षाही बोचरा होता.

थंडीविषयी काय सांगावे! डिसेंबरात तिथे सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चारला दिवेलागण होते. पारा शून्याच्या आसपास. बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघते, त्यामुळे सगळे गाव चहा पीत चालले आहे असा भास होतो. पदपथावर दगडाचे लहान लहान चौकोनी तुकडे नक्षीत बसवलेले. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि त्या दगडांवर चालणे म्हणजे साबणाच्या वडीवर चालणे झाले. माझ्या तळव्याच्या खाचांनी दगड घट्ट धरला आणि घोंगड्याने पाय ऊबदार ठेवले. मैत्रीण मात्र माझा दंड धरून चालत होती.

व्लतावा नदीवरचा चार्ल्स पूल आम्ही त्याच दिवशी पाहिला. चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ साली त्याचा पाया घातला. लांबी पाचशे मीटरहून थोडी अधिक, दोन्ही कठड्यांवर मिळून संतांचे तीस पुतळे, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर बर्फाचे उपरणे. याच राजाने त्याआधी, १३४८ साली, प्राग विद्यापीठ स्थापन केले.

त्या विद्यापीठाची कला शाखा नदीच्या काठीच आहे. तिच्या समोरच्या चौकाला यान पालाख या विद्यार्थ्याचे नाव आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशिया आणि त्याच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे या देशात घुसले. लोक हळूहळू निमूट होऊ लागले, हे सहन न होऊन १६ जानेवारी १९६९ रोजी पालाखने वात्स्लाव चौकात स्वतःला पेटवून घेतले. तीन दिवसांनी तो गेला. तो कला शाखेचा विद्यार्थी होता, वय वीस. माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. कोणीही असे मरू नये, असे मला त्या दगडी इमारतीपुढे उभे राहून तीव्रतेने वाटले. आणि असे मरावेसे वाटण्याइतके एखाद्याला आपल्या माणसांच्या गप्प बसण्याचे दुःख होऊ शकते, हेही प्रथमच कळले. पुढे कितीतरी वेळ आम्ही दोघी बोललो नाही.

मराठी विषयाची विद्यार्थिनी म्हणून मला सर्वांत आपली वाटली ती तिथली भाषेची गोष्ट. जुन्या गावठाणातल्या चौकात यान हुस या धर्मसुधारकाचे भव्य शिल्प आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी, धर्माचे सारे लॅटिनमध्ये चालत असता, हा माणूस बेथलेहेम प्रार्थनागृहात लोकांच्या चेक भाषेत प्रवचने करी. १४१५ साली त्याला पाखंडी ठरवून जिवंत जाळले. मला आपल्या संतांची आठवण न झाली तरच नवल. भाषाविज्ञानाच्या तासाला ऐकलेले भाषाकुल तिथे कानांनी भेटले. चेकमध्ये दोनला 'द्वा' म्हणतात, दिवसाला 'देन', अग्नीला 'ओहेन्य'. मी मोठ्याने 'द्वा!' म्हणून दोन भाजलेले बटाटे मागितले आणि ते मिळाले, तेव्हा परीक्षेत पहिली आल्यासारखे वाटले.

नदीकाठीच राष्ट्रीय नाट्यगृह आहे. राज्य ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे, प्रतिष्ठा जर्मन भाषेला. तेव्हा चेक भाषेचे नाट्यगृह उभारायला लोकांनी वर्गणी काढली. १८६८ मध्ये पायाभरणी, १८८१ च्या जूनमध्ये पहिला प्रयोग, आणि दोनच महिन्यांत ते आगीत सापडले. लोकांनी पुन्हा वर्गणी काढली. १८८३ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. रंगमंचाच्या वर 'राष्ट्राने स्वतःला' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत असे मावशींनी सांगितले. आत जाण्याइतके पैसे माझ्याकडे नव्हते, म्हणून बाहेरूनच पाहिले.

पैशांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. माझ्याजवळ एक छोटी वही होती. ट्रामचे तिकीट, बटाटे, कॉफी, मैत्रिणीने माझ्यासाठी जे जे दिले ते मी रात्री त्यात लिहीत असे. चौथ्या दिवशी तिने ती पाहिली. तिचा चेहरा उतरला. 'तुझ्या वहीत मी सावकार आहे होय गं?' ती म्हणाली. मी सांगितले, 'नाही. पण फेडल्याशिवाय मला तुझ्या शेजारी ताठ बसता येत नाही.' तिला ते पटले नाही, मलाही दुसरे काही सांगता येईना. त्या रात्री आम्ही पाठीला पाठ लावून झोपलो.

दुसऱ्या दिवशी भुयारी रेल्वेच्या स्थानकाजवळ तिच्या एका बुटाची टाच दगडांच्या फटीत अडकून निघाली. शेजारच्या बोळात एक इवलेसे दुकान होते. काचेवर किल्ल्यांचे आणि बुटांचे चित्र. आत एक वृद्ध कारागीर. त्याच्या पुढ्यातली आरी, हातोडी, बूट पालथा घालायचा लोखंडी ठोकळा, चिकटवायच्या द्रव्याचा तो उग्र वास! मी डोळे मिटले असते तर स्टँडसमोर असते. दहा मिनिटांत टाच बसली. मोबदला २८० कोरुना, म्हणजे सुमारे हजार रुपये. याच कामाचे अण्णा चाळीस घेतात आणि त्यातही लोक घासाघीस करतात. त्या दुकानात कार्ड चालत नव्हते आणि मैत्रिणीकडे रोख नव्हती. माझ्या पाकिटातून मी पैसे दिले.

निघताना म्हाताऱ्याचे लक्ष माझ्या बुटांकडे गेले. त्याने खुणेने एक काढायला लावला, उलटा केला, खाचांवरून आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि काहीतरी विचारले. भाषा कळली नाही, प्रश्न कळला. 'ताता,' मी म्हणाले. चेकमध्ये बापाला 'ताता' म्हणतात, हे मी मावशींच्या शेजारच्या मुलांकडून शिकले होते. त्याने मान डोलावली आणि बूट दोन्ही हातांनी परत दिला.

बाहेर आल्यावर मैत्रीणच म्हणाली, 'काढ ती वही. माझ्या नावावर २८० लिही.' मी लिहिले. तेव्हापासून त्या वहीला दोन बाजू झाल्या आणि वहीचे भांडण मिटले.

सहाव्या दिवशी मी मुद्दाम वात्स्लाव चौकात गेले. तिथे बाटा कंपनीची १९२९ साली पुरी झालेली उंच, जवळजवळ सगळी काचेची इमारत आहे. बाटा ही भारतीय कंपनी, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते, अण्णांनाही वाटे. पण तोमाश बात्या (तिकडे उच्चार असा आहे) हा याच देशातल्या झ्लीन गावचा. पिढ्यान्‌पिढ्या चांभारकाम करणाऱ्या घरातला. १८९४ मध्ये त्याने भावाबहिणीबरोबर धंदा सुरू केला. पुढे यंत्रांवर बूट निघू लागले, कारखाने देशोदेशी गेले, आणि एकोणीसशेतिसाच्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसले. मी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. आमच्याकडे दुपारचे बारा, टपरीवर साडेचार. इमारत दाखवली, सगळी हकीकत सांगितली. अण्णा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, 'म्हंजी त्यो बी आपल्यातलाच म्हन की.' थोड्या वेळाने म्हणाले, 'त्येच्या कारखान्यानं आमचं नवं शिवायचं काम नेलं, आन् दुरुस्तीचं दिलं.' बाटाविषयी इतके नेमके वाक्य मला कुठल्याही पुस्तकात सापडेल असे वाटत नाही.

फोन ठेवल्यावर मनात आले ते असे. तिथे चांभाराच्या मुलाचे नाव राजधानीच्या मुख्य चौकात काचेच्या इमारतीवर झळकते. आपल्याकडे हे काम करणाऱ्याला किती पिढ्या उंबऱ्याबाहेर उभे केले! तिथे तो धंदा होता. इथे तो जन्म झाला. धंदा माणूस वाढवू शकतो किंवा सोडू शकतो. जन्माचे काय करायचे?

पण दुसऱ्याच दिवशी या विचाराला ठेच लागली. जुन्या ज्यू वस्तीत पिंकास नावाचे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर, नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हियातल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिली आहेत. छतापासून खालपर्यंत नुसती नावे. दुरून पाहिले तर भिंतीला करडा रंग दिला आहे असेच वाटते. त्यांनाही त्यांचा जन्मच विचारला गेला होता. वरच्या मजल्यावर छळछावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. त्यांत घरे आहेत, फुलपाखरे आहेत. 'तिकडे सगळे चांगले आणि आपल्याकडे सगळे वाईट' असे सोपे वाक्य घेऊन मी परत येणार होते, ते तिथेच गळून पडले. आपल्या उंबऱ्याचा हिशोब आपल्यालाच करायचा आहे; दुसऱ्याच्या अंगणात जाऊन तो सुटत नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मावशींच्या शेजाऱ्यांनी आम्हाला जेवायला बोलावले. त्या दिवसांत रस्तोरस्ती मोठ्या टबांतून जिवंत कार्प मासे विकतात. तळलेला कार्प आणि बटाट्याची कोशिंबीर हे त्यांचे सणाचे जेवण. माशाचे एक खवले पाकिटात ठेवले की वर्षभर पैसा टिकतो, अशी त्यांची समजूत. आजीबाईंनी मलाही एक दिले. ते मी वहीतच ठेवले आहे.

परतून आता तीन महिने होतील. तीन हप्ते फिटले, नऊ राहिले. माझ्यासारख्या घरांतून आलेले या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की दूरचा देश पाहायला मिळाला तर जरूर पाहावा, संकोच करू नये. मात्र कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या हातच्या टाक्यांवर आपण चाललो आहोत, ते विसरू नये. प्रागच्या लोकांनी आपले नाट्यगृह जळाल्यावर पुन्हा वर्गणी काढली, कारण ते त्यांना स्वतःलाच द्यायचे होते. आमच्या घरातही सध्या एक वर्गणी चालू आहे. हप्ते फेडून मी दरमहा तिच्यात दोनशे रुपये टाकते. अण्णांची शिलाई मशीन आधी, बाकी सारे मग.