बंद घड्याळं घरात ठेवू नयेत

बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवू नये, असं आमच्याकडे मानतात. भिंतीवरचं घड्याळ थांबलं की आई त्याच दिवशी नवा सेल आणायला लावते. दुकान बंद असेल तर रात्रीपुरतं ते खाली उतरवून, तोंड भिंतीकडे करून ठेवते. अशा घरात माझ्याकडे अकरा मनगटी घड्याळं आहेत, आणि त्यांतली निदान दहा कुठल्याही क्षणी बंद असतात.

अकरावं माझ्या हातावर असतं. "घालतेस एक, मग बाकीच्यांचं काय करायचं?" हा आईचा प्रश्न आहे. घड्याळं जमवणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतोच. विकत घेणं सोपं असतं. ठेवायचं कुठे आणि कसं, हे ठरवताना मात्र कस लागतो.

माझी घड्याळं महागडी नाहीत. बहुतेक सगळी एचएमटीची, चावीची. पुण्याच्या जुन्या बाजारातून, मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो तिथून, एकेक करून घेतलेली. एचएमटीने बंगळूरमध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली ती १९६१ साली. पुढची वीस-पंचवीस वर्षं नोकरी लागली, दहावी पास झालं, लग्न ठरलं की घरात एचएमटी यायचं. मग सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली. ती स्वस्त होती, वेळ अचूक दाखवायची आणि रोज चावी द्यावी लागायची नाही. २०१६च्या सुमारास एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद झाली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं आता जास्त करून जुन्या बाजारात आणि आपल्या आईबाबांच्या बोलण्यात ऐकू येतात.

आम्ही डोंबिवलीत राहतो. वन बीएचके आहे. हॉलमध्ये एक काचेचं शोकेस आहे. त्यात कधीही न वापरलेला कपबश्यांचा सेट, भावाचे क्रिकेटचे कप, बाबांना कंपनीत पंचवीस वर्षं झाली तेव्हा मिळालेलं मानचिन्ह आणि एक गणपती. यातला एक कप्पा मला मिळाला. फोटोत बघितलेलं डोक्यात होतं : काचेखाली ओळीने मांडलेली घड्याळं, वर छोटासा पिवळा दिवा.

पण घड्याळ नीट दिसावं म्हणून जे जे करावं, त्यातलं बरंचसं घड्याळाला मानवत नाही. उजेडाने तबकडीचा रंग उतरतो. आमचं शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे, दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं. काळ्या तबकडीचं पायलट तिथे दोन-तीन वर्षं ठेवलं तर ते तपकिरी व्हायला लागेल. दुसरा शत्रू दमट हवा. जुलै महिन्यात आमच्याकडे चपला, पापड, पुस्तकं सगळ्यांना जे होतं तेच चामड्याच्या पट्ट्याला होतं : पांढरी बुरशी. जुन्या घड्याळांची झाकणं घट्ट बसत नाहीत, त्यामुळे ओल आत जाते आणि काट्यांवर, स्क्रूंवर गंजाचे ठिपके येतात. तिसरा शत्रू आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. फोनचा स्पीकर, लोहचुंबकाने मिटणारं फोनचं कव्हर, ब्लूटूथ स्पीकर. चावीच्या घड्याळात केसासारखी बारीक एक गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती वेळ राखते. तिला चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. रात्री घड्याळ काढून फोनवर ठेवायची सवय असेल तर ती सोडलेली बरी.

बाजारात घड्याळांसाठी खास डबे मिळतात. काचेचं झाकण, आत कप्पे, प्रत्येक कप्प्यात उशी. दिसतात सुरेख. पण स्वस्तातल्या डब्यांना आतून रेक्झिन असतं, आणि आपल्या हवेत ते काही वर्षांत चिकट होऊन पापुद्रे सोडतं. मग ते पापुद्रे घड्याळाच्या पाठीला चिकटून बसतात. स्वतःहून गोल फिरणारी विजेवरची यंत्रंही मिळतात, पण ती हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळांसाठी. चावीच्या घड्याळाला त्यांचा काही उपयोग नाही.

माझी सोय शेवटी अशी झाली. शोकेसच्या खालच्या बाजूला एक उथळ लाकडी खण होता. त्यात ऊन येत नाही. तळाला आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, धुऊन कडकडीत वाळवलेला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करून बारा कप्पे. कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की ते मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. सेलवर चालणारं एकच घड्याळ आहे, त्याचा सेल काढून ठेवला, कारण संपलेला सेल आतच राहिला तर गळतो आणि यंत्र खाऊन टाकतो. घड्याळ हातावरून उतरवलं की कोरड्या कापडाने पुसून मगच खणात. वर काचेत एका वेळी फक्त दोन ठेवायची, दर पंधरा दिवसांनी बदलून.

मग प्रश्न आला की बंद घड्याळांत वाजले किती दाखवायचे? जाहिरातीत सगळ्या घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. काटे दोन्ही बाजूंना सारखे उघडतात, मधलं नाव झाकलं जात नाही. मी काटे हलवले नाहीत. जे घड्याळ जिथे थांबलं होतं, तिथेच ठेवलं.

बाबांचं जनता दोन वाजून चाळीस मिनिटांवर थांबलं होतं. बघणाऱ्याला वाटतं, या वेळेला काहीतरी घडलं असणार. तसं काही नाही. बाबा रोज सकाळी चहा झाला की घड्याळाला चावी द्यायचे. एका सकाळी चावी दिली, दुपारी त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, घड्याळ घरीच टेबलावर राहिलं. पूर्ण चावी दिलेलं जनता दीड दिवसाहून थोडं जास्त चालतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा ते थांबलं असेल. तेव्हा घरात कोणी नव्हतं. बाबा त्यानंतर आठ दिवसांनी गेले.

खणातल्या घड्याळांपैकी चालू करावं की नाही असा प्रश्न पडलेलं हे एकच. स्टेशनजवळ जिन्याखाली एका काकांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, दुकान म्हणजे काचेची पेटी आणि एक स्टूल. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं. म्हणाले, "मशीन चांगलंय. पण तेल सुकलंय. असंच चावी देत राहिलीस तर धुरे झिजतील. एक तर सर्व्हिसिंग कर आणि वापर, नाहीतर चावी देऊच नकोस."

सर्व्हिसिंग म्हणजे सगळं सुटं करायचं, एकेक चाक धुवायचं, पुन्हा जोडून तेल द्यायचं. काकांनी पुढे विचारलं, "डायल पण रंगवून देऊ? नवीन दिसेल." जुन्या बाजारात असं रंगवून नवं केलेलं एचएमटी पैशाला पासरी मिळतं. तबकडी चकचकीत, आणि 'जनता' ही अक्षरं कोणी भलत्याच वळणात काढलेली. तबकडीला हात लावायचा नाही, हे माझं पक्कं होतं. पण मशीनचं काय? धुवायचं म्हणजे सदतीस वर्षांचा मळ, घाम, बाबांच्या कारखान्यातली धूळ, सगळं पेट्रोलमध्ये जाणार. न धुता ठेवायचं म्हणजे ते कायमचं बंद ठेवायचं. दोन्हीला जपणंच म्हणतात. मी घड्याळ तसंच घरी आणलं.

संग्रह ठेवणारे बरेच जण एक वही ठेवतात : कुठलं घड्याळ, कुठलं साल, कुठून आलं, कधी उघडलं. मीही ठेवते. दहा नोंदी झाल्या होत्या. अकराव्या नोंदीसाठी आईला विचारलं, "बाबांनी हे कुठून घेतलं गं?"

"त्यांनी कुठे घेतलं? नानांनी घेतलं," आई म्हणाली. नाना म्हणजे तिचे वडील, चिपळूणजवळच्या वाडीतले.

मग तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. १९८४ साली लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी घड्याळ मागितलं होतं. साधं घड्याळ नाही, कांचन. सोनेरी, ऑटोमॅटिक, वार-तारखेचं. तेव्हा जावयाला कांचन दिलं की गावात नाव व्हायचं, आणि ते सहज मिळायचंही नाही. नानांनी त्या वर्षीची सुपारी विकली. आलेल्या पैशात मांडव, जेवणं आणि एक जनता एवढंच बसलं. "पहिली दोन-तीन वर्षं तुझी आजी कोणी आलं की सांगायची, आमच्या मुलाला चावीचं घड्याळ दिलं म्हणून. नाना स्वतः कधी घड्याळ वापरले नाहीत. एसटीवरून वेळ ओळखायचे."

"आणि बाबा?"

"ते काही बोलले नाहीत. रोज चावी द्यायचे." थोड्या वेळाने म्हणाली, "आजीलाही काही बोलले नाहीत."

भारतात हुंडाबंदीचा कायदा झाला तोही १९६१ सालीच. ज्या वर्षी एचएमटीचं पहिलं घड्याळ आलं, त्याच वर्षी घड्याळ मागणं बेकायदा ठरलं होतं. हे मला दोन्ही बाजूंनी वेगवेगळं माहीत होतं. एकत्र कधी ठेवून बघितलं नव्हतं. जुन्या घड्याळांवर आपण बोलतो तेव्हा पहिली नोकरी, बापाने दिलेली भेट, देशाचं पहिलं घड्याळ असं बोलतो. जुन्या बाजारात जी सोनेरी घड्याळं अजून चांगल्या स्थितीत मिळतात, त्यांतली किती कोणाच्या मांडवात मागून घेतलेली असतील, हे त्यांच्या पाठीवर लिहिलेलं नसतं. वहीतच लिहिलं तर राहतं. मी अकराव्या नोंदीत आईने सांगितलं ते सगळं लिहिलं, सुपारीसकट.

घड्याळाचं काय करायचं ते मग आईनेच ठरवलं. "चालू करून आण. नानांचे पैसे आहेत त्यात." काकांनी मशीन धुतलं, तेल दिलं. तबकडी पिवळी पडली होती ती तशीच आहे, बाराच्या आकड्याजवळचा डागही तसाच. काचेवरचे ओरखडे मात्र त्यांनी घासून काढले, जुन्या घड्याळांची काच ॲक्रिलिकची असते त्यामुळे ते जमतं. नवीन पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडून घेतलं, कारण ते आता आईच्या हातावर आहे.

संग्रहाच्या नियमांत हे बसत नाही. ती ते घालून भाजी आणायला जाते, कणिक मळताना काढून ओट्यावर ठेवते, पाण्याच्या नळाशेजारी. मी दोनदा सांगून बघितलं. "त्यांनी कारखान्यात घातलं, तेव्हा काय झालं?" असं तिचं उत्तर. दिवसाला दोन-तीन मिनिटं मागे पडतं. ती सकाळी चहानंतर चावी देते आणि फोन बघून काटे पुढे करते.

त्याच्या कप्प्यात मी बाबांचा जुना पट्टा ठेवला आहे. चामडं कडक झालंय, तिसरं भोक लांबट झालंय. बाबांच्या मनगटाचं माप घरात तेवढंच आहे.

राहता राहिलं कांचन. माझ्याकडेही एक आहे. जुन्या बाजारात मिळालेलं, संग्रहातलं सगळ्यात देखणं, मधल्या काचेत ठेवायचं म्हणूनच घेतलेलं. आई शोकेस पुसताना त्या कप्प्यापाशी कधी थांबत नसे, ते आता लक्षात आलं. मी तिला म्हटलं, हे विकून टाकू का? ती म्हणाली, "कशाला? चांगलं आहे. फक्त वर काचेत नको."

ऑटोमॅटिक घड्याळ अधूनमधून हातात घेऊन हलवावं म्हणजे थोडं चालतं, असं मी सांगत होते. तिने खण ओढला, कांचन शेवटच्या कप्प्यात ठेवलं आणि म्हणाली, "हे बंद असलं तरी चालेल."